वेबसाइटवर बोलायचं बटण लावू, की संगणकात सॉफ्टफोन टाकू?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमचं ऑइल इंजिन आणि पंपांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. सासऱ्यांच्या काळातला लँडलाइन नंबर अजून चालू आहे. वेबसाइटवर पार्टची यादी टाकलीय आणि फोनवर चार मुली बसतात. वेबसाइट करणारा म्हणतो, ‘पानावरच बोलायचं बटण देतो. गिऱ्हाईक ब्राउझरमधून बोलेल, मुलीही ब्राउझरमध्येच उचलतील, काही इन्स्टॉल करायला नको.’ दुसरा पुरवठादार म्हणतो, ‘ब्राउझरचा भरवसा धरू नका, प्रत्येक संगणकात सॉफ्टफोन, म्हणजे फोनचं सॉफ्टवेअर, टाका.’ कुणाचं ऐकायचं?

दोघांनी मिळून तुमच्यापुढं एकच निवड ठेवलीय, आणि घोळ तिथंच झालाय. कॉलला दोन टोकं असतात. एका टोकाला फोन लावणारा असतो, त्याला आत्ता, या क्षणी बोलायचंय. दुसऱ्या टोकाला वाट बघणारा असतो, त्याला सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत तयार राहायचंय. लावणाऱ्याला ब्राउझर पुरतो, पुष्कळदा तोच बरा पडतो. वाट बघणाऱ्याला स्वतंत्र सॉफ्टवेअर लागतं. मी वीसेक वर्षं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजी या पट्ट्यात फोनची यंत्रणा बसवतोय. आधी ईपीएबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसातल्या आतल्या एक्सचेंजच्या, तारा ओढल्या, मग इंटरनेटवरचे फोन आले. ज्या ज्या ठिकाणी तक्रार आली, तिथं बहुतेक वेळा या दोन टोकांची अदलाबदल झालेली होती.

आता कारणं सांगतो, कारण तुम्हाला दोन्ही विक्रेत्यांशी बोलायचंय आणि त्यांनी चार शब्द फेकले तर तुम्हाला ते कळायला हवेत.

सॉफ्टफोन म्हणजे संगणकात किंवा मोबाइलमध्ये टाकलेला फोन. मायक्रोसिप, लिनफोन, झोइपर ही नावं तुमच्या कानावर येतील. हे सगळे ‘सिप’ नावाच्या बोलीत सर्व्हरशी, म्हणजे कॉल जोडून देणाऱ्या मधल्या संगणकाशी, बोलतात. म्युच्युअल फंडातली सिप वेगळी. ही कॉल जोडण्या-तोडण्याची पद्धत आहे, तिचा आजचा नियमग्रंथ २००२ चा आहे आणि जगातले बहुतेक ऑफिस-फोन त्यावरच चालतात. सॉफ्टफोन चालू झाला की सर्व्हरला सांगतो, ‘मी अमुक एक्स्टेंशन (ऑफिसातला आतला नंबर), मी इथं आहे.’ ठरावीक वेळानं पुन्हा सांगतो. कुणी फोन लावला की सर्व्हर त्याच पत्त्यावर घंटा वाजवतो.

ब्राउझरमधल्या कॉलमागं वेबआरटीसी आहे, म्हणजे ब्राउझरमध्येच बसवलेलं बोलायचं तंत्र. पूर्वी ब्राउझरमध्ये बोलायचं तर फ्लॅश नाहीतर जावाचं जोडकाम टाकावं लागायचं, आणि इको इतका यायचा की माणूस वैतागून फोन ठेवायचा. गुगलनं २०१० मध्ये ग्लोबल आयपी सोल्युशन्स ही कंपनी विकत घ्यायला घेतली, आणि तिच्याकडचं आवाजाचं तंत्र २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. पुढं क्रोम, फायरफॉक्स आणि २०१७ मध्ये सफारी, सगळ्यांत ते आलं. जानेवारी २०२१ मध्ये त्याला अधिकृत वेब मानकाचा दर्जा मिळाला. त्यामुळं आज तुमच्या गिऱ्हाइकाकडं जो काही फोन किंवा लॅपटॉप असेल, त्यात बोलण्याचं यंत्र आधीच बसवलेलं आहे. इको घालवणं, पाठीमागचा गोंगाट कमी करणं, आवाजाचे तुकडे घेऊन उशिरा आलेली पाकिटं नीट लावणं, ही सगळी मेहनत ब्राउझर स्वतः करतो. या बाबतीत ब्राउझर कमी दर्जाचा, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पुष्कळ फुकटच्या सॉफ्टफोनपेक्षा क्रोमचं इको घालवणं मला सरस वाटलंय, विशेषतः हेडफोन न लावता लॅपटॉपच्या स्पीकरवर बोलणाऱ्यांच्या बाबतीत.

मग मुलींना ब्राउझर का देऊ नये?

कारण ब्राउझरला वाट बघणं जमत नाही. तो मुळात वापरात असलेलं पान नीट चालवायला आणि वापरात नसलेल्याचा खर्च कमी करायला बांधलेला आहे. तुमच्या मुलीनं फोनचा टॅब उघडला, मग टॅली उघडलं, मग पार्टची यादी, मग ट्रान्सपोर्टचं पान. फोनचा टॅब मागं पडला. २०२१ पासून क्रोम असं करतो की, पाच मिनिटांहून जास्त मागं राहिलेल्या आणि गप्प असलेल्या पानाचे टायमर मिनिटातून एकदाच चालवतो. कॉल चालू असेल तर तो सूट देतो, पण नुसतं वाट बघणारं पान त्याच्या लेखी रिकामटेकडं असतं. आता सर्व्हरला दर तीस सेकंदांनी ‘मी आहे’ असा निरोप हवा असेल आणि पान मिनिटानं एकदा जागं होत असेल, तर सर्व्हर समजतो की मुलगी उठून गेली. तिच्या पडद्यावर मात्र हिरवा ठिपका तसाच. गिऱ्हाइकाला ‘सध्या कुणी उपलब्ध नाही’ ऐकू येतं, आणि मुलगी सांगते, ‘मॅडम, सकाळपासून एकही फोन आला नाही.’ गिऱ्हाईक आणि मुलगी, दोघंही खरं बोलत असतात.

त्यात मेमरी वाचवायची सोय चालू असेल तर क्रोम मागचा टॅब पूर्णच उतरवतो. टॅबचं नाव वर दिसतं, आत काही नसतं. चार जीबी रॅमचे जुने संगणक तुमच्याकडं असतील, आणि उद्यमनगरात ते असतातच, तर हे दिवसातून दोनदा घडेल. चांगला प्रोग्रामर यातून वाट काढू शकतो, फोनचं पान वेगळ्या खिडकीत ठेवून सेटिंगमध्ये त्याला सूट देता येते. पण ती काळजी कुणीतरी रोज घ्यायला हवी, आणि ज्या दिवशी संगणक फॉरमॅट होतो त्या दिवशी ती सेटिंग कुणाच्याच लक्षात नसते.

घंटेचंही तसंच. २०१८ पासून क्रोम असं ठरवतो की, माणसानं पानावर एकदा तरी क्लिक केल्याशिवाय पानाला आवाज काढू द्यायचा नाही. जाहिरातींचा अचानक आवाज बंद करण्यासाठी केलेली ही चांगली सोय आहे, पण सकाळी संगणक चालू करून, जुने टॅब परत आणून, चहा प्यायला गेलेल्या मुलीची घंटा त्यामुळं वाजत नाही. शिवाय घंटा हेडफोनमध्ये वाजते आणि हेडफोन टेबलावर पडलेला असतो. सॉफ्टफोनमध्ये सहसा साधी सोय असते: घंटा स्पीकरवर, बोलणं हेडफोनवर. ब्राउझरमध्ये हे करता येतं, पण वेबसाइटवाल्यानं ते मुद्दाम लिहावं लागतं, आणि मी पाहिलेल्या दहातल्या आठ ठिकाणी कुणी लिहिलेलं नव्हतं.

मोबाइलवर तर प्रश्नच नाही. पडदा बंद झाला की ब्राउझरचं पान झोपतं. सूचना येऊ शकते, पण फोनसारखी पूर्ण पडद्यावर घंटा वाजत नाही. स्वतंत्र ॲपला मात्र ॲपल आणि गुगल दोघंही खास दार उघडून देतात. आयफोनवर २०१६ पासून कॉलकिट आहे, त्यामुळं ॲपवरचा कॉल साध्या फोनसारखाच कुलूपबंद पडद्यावर वाजतो. सर्व्हर पुश पाठवून झोपलेल्या ॲपला जागं करतो. तुमच्या मिस्टरांना दौऱ्यावर असताना ऑफिसचा कॉल घ्यायचा असेल तर ॲपच हवं, आणि तेही पुश असलेलं. फुकटच्या ॲपमध्ये पुष्कळदा पुश नसतो, मग ॲप सतत जागं ठेवावं लागतं आणि दुपारपर्यंत बॅटरी संपते. घेताना हे एक वाक्य विचाराच: ‘ॲप बंद असताना कॉल वाजतो का?’ आणि समोर करून दाखवा म्हणा.

एक गोष्ट सॉफ्टवेअरच्याही विरुद्ध सांगतो. संगणकच झोपला तर टॅब आणि सॉफ्टफोन दोन्ही झोपतात. मुलींच्या संगणकांची स्लीप सेटिंग बंद करा, हे आधी.

आता सॉफ्टफोनचा जो खरा त्रास आहे, तो पुरवठादार सहसा सांगत नाही. सिपचे निरोप जुन्या पद्धतीनं ५०६० या पोर्टवरून (इंटरनेटच्या ठरावीक नंबरच्या दारातून) उघडे जातात. बाजारातल्या कितीतरी राउटरमध्ये ‘सिप एएलजी’ नावाची सोय असते. मदत करायच्या हेतूनं ती या निरोपातले पत्ते बदलते, आणि चुकीचे बदलते. शिरोलीच्या एका फाउंड्रीत एकदा नवीन राउटर बसवल्यावर प्रत्येक कॉल अर्ध्या मिनिटानं आपोआप कटायला लागला. मालक म्हणायचे लाइन खराब, इंटरनेटवाला म्हणायचा स्पीड बघा पूर्ण आहे. मी घड्याळ लावून मोजलं: बत्तीस सेकंद, दर वेळी. सिपमध्ये कॉल उचलल्याची पोच मिळाली नाही तर अर्ध्या सेकंदाच्या चौसष्ट पट वाट बघायची, असा नियम आहे. म्हणजे बत्तीस सेकंद. पोच राउटरमध्येच हरवत होती. ती सोय बंद केली, कॉल टिकले. तुमच्याकडं कधी बत्तीस सेकंदांनी कॉल कटला, किंवा एका बाजूचाच आवाज आला, तर इंटरनेटवाल्याशी भांडू नका, आधी राउटरमधलं हे बटण शोधा.

ब्राउझरला हा त्रास जवळपास होत नाही, कारण त्याचे निरोप कूटबद्ध होऊन, म्हणजे गुप्त लिपीत बदलून, नेहमीच्या वेबच्या वाटेनं जातात. राउटरला ते उघडून बघताच येत नाहीत. आवाजही वेबआरटीसीमध्ये कूटबद्धच जातो, ते बंद करायची सोयच नाही. सॉफ्टफोनमध्ये ही कूटबद्धता चालू करावी लागते, आणि बसवणारा घाईत असला तर ती राहून जाते. तेव्हा पुरवठादाराला सांगा: ५०६० नको, टीएलएसवर (निरोप कूटबद्ध करायची पद्धत) ५०६१ द्या, आणि आवाजाला एसआरटीपी (आवाज कूटबद्ध करायची पद्धत) लावा. हे फुकट आहे, फक्त करायला हवं. त्याचबरोबर सर्व्हरवरून परदेशी नंबर लावायची सोय बंद ठेवा. इंटरनेटवर उघडा सिप सर्व्हर दिसला की त्यावर पासवर्डचा मारा करणारे प्रोग्राम काही तासांत येतात. एक्स्टेंशन १०१ आणि पासवर्ड १०१ असं ठेवलेल्या ठिकाणी एका रात्रीत परदेशी कॉलचं बिल चढलेलं मी पाहिलंय.

आता गिऱ्हाइकाच्या टोकाकडं येऊ. बटण नक्की कुणासाठी, हे आधी बघा.

बटणाची कल्पना जिथं वाढली तिथं फोन करणं महाग होतं. आपल्याकडं २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर मोबाइलवरून बोलणं प्लॅनमध्येच येऊ लागलं. राधानगरीच्या शेतकऱ्याच्या पंपाचं सील गेलंय, तो मोबाइलवर तुमची वेबसाइट बघतोय. त्याला इंटरनेटवरून बोलायला लावून त्याचा एक रुपयाही वाचत नाही. उलट शिवारात डेटाची रेंज कमी असते आणि साधा कॉल लागतो. त्याला मायक्रोफोनची परवानगी मागणारी चौकट दाखवली की तो घाबरून पान बंद करतो, किंवा ‘ब्लॉक’ दाबतो. एकदा ब्लॉक दाबलं की ब्राउझर ते लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी विचारतच नाही. म्हणून मोबाइलवरून येणाऱ्याला साधी नंबरची लिंक द्या. दाबली की डायलर उघडतो आणि तुमचा जुना लँडलाइन नंबर लागतो. यात काही आधुनिक नाही, पण शेतकऱ्याचं काम होतं.

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर जाहिरात देणार असाल तर हे अधिकच पाळा. तिथून उघडलेलं पान त्या ॲपच्या आतल्याच छोट्या ब्राउझरमध्ये उघडतं, आणि तिथं मायक्रोफोन बहुतेक वेळा मिळतच नाही. महाद्वार रोडच्या एका चप्पल विक्रेत्यानं जाहिरातीवर खर्च केला आणि बटणावर एकही कॉल आला नाही, त्याचं कारण एवढंच होतं. त्यानं दोन आठवडे बटणाचा रंग बदलून बघितला होता.

मग बटण कुणाला? जो डीलर ऑफिसमध्ये संगणकासमोर बसून तुमची यादी चाळतोय त्याला. आणि परदेशातल्या खरेदीदाराला, ज्याला भारतात फोन लावणं महाग पडतं. आपल्याकडचे कितीतरी निर्यातदार अशा बोलण्यासाठी वर्षानुवर्षं स्काइपवर होते. २००३ साली आलेलं ते सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टनं ५ मे २०२५ ला बंद केलं, आणि निर्यातदारांनी कार्डावर छापलेला तो पत्ता निकामी झाला. व्हॉट्सॲप आहे, पण साध्या व्हॉट्सॲपचा कॉल मालकाच्या खिशातल्या एका मोबाइलवर येतो, चारजणींच्या रांगेत येत नाही. वेबसाइट तुमची आहे, तिचा पत्ता तुमच्या हातात आहे. परदेशी गिऱ्हाइकाला ‘आमच्या पानावर या आणि बटण दाबा’ एवढं सांगता येणं मला फार मोलाचं वाटतं.

आणि बटणाचा खरा फायदा पैशाचा नाहीच. गिऱ्हाईक कुठल्या पार्टच्या पानावर उभं आहे, हे कॉलसोबत पाठवता येतं. मुलीनं फोन उचलायच्या आधीच तिच्या पडद्यावर पार्ट नंबर, इंजिनाचं मॉडेल, गोडाऊनमध्ये किती नग आहेत, सगळं उघडलेलं. ‘कुठलं इंजिन? किती एचपीचं? कुठल्या सालचं?’ हे पहिले दोन मिनिटांचे प्रश्न वाचतात. साध्या फोनमध्ये हे होत नाही. वेबसाइट करणारा बटण विकत असेल तर त्याला सांगा, मला नुसतं बटण नको, पार्ट नंबर कॉलला जोडून हवा. ते जमत नसेल तर बटणाचा अर्धा उपयोग गेला.

आवाजाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण पार्ट नंबरच्या धंद्यात आवाज म्हणजे पैसा आहे. साध्या फोनचा आवाज जुन्या काळापासून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये कोंबलेला असतो. ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक ज्या वरच्या पट्टीत असतो, ती पट्टीच कापली जाते. म्हणून ‘बी’ म्हटलं की ‘डी’ ऐकू येतं, ‘एस’ची ‘एफ’ होते, आणि गडहिंग्लजला चुकीचं पिस्टन जातं. ब्राउझरमध्ये ओपस नावाचा कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) सक्तीचा आहे, २०१२ मध्ये ठरलेला. तो माणसाच्या आवाजाची पूर्ण पट्टी नेतो, वाटेत थोडी पाकिटं हरवली तरी सावरून घेतो, आणि जागाही कमी खातो. साध्या फोनच्या जी-७११ या जुन्या कोडेकला पाकिटांवरच्या पत्त्यांसकट एका बाजूला सुमारे ८० किलोबिट लागतात, ओपस त्याच्या निम्म्यात याहून चांगला आवाज देतो.

पण हा फायदा दोन्ही टोकांनी ओपस असेल तरच. वेबसाइटवरून आलेला कॉल सर्व्हरनं जी-७११ मध्ये बदलून मुलीच्या सॉफ्टफोनला दिला, की पट्टी पुन्हा कापली गेली. म्हणून सॉफ्टफोन निवडताना त्यात ओपस आहे का बघा आणि सर्व्हरवर तो यादीत सगळ्यात वर ठेवा. लिनफोनमध्ये तो आहे. लँडलाइनवरून आलेल्या शेतकऱ्याच्या कॉलला याचा उपयोग नाही, तिथं पट्टी आधीच गेलेली असते. तिथं मुलींना ‘बी बटाट्यातला, डी डाळिंबातला’ असं बोलायची सवय लावा, हे मी मनापासून सांगतोय. हेडफोन यूएसबीचे घ्या. ब्लूटूथ हेडफोनचा मायक्रोफोन चालू झाला की त्याचा आवाज पुष्कळदा जुन्या फोनच्या पातळीवर उतरतो.

वेबसाइटवाल्यानं ‘टर्न सर्व्हर’चा खर्च दाखवला असेल, तर तो फसवत नाही. गिऱ्हाइकाचा ब्राउझर आणि तुमचा सर्व्हर यांना थेट वाट सापडली तर ठीक. पण कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यात बसलेला खरेदी अधिकारी फायरवॉलमागं असतो, तिथं वेबशिवाय बाकीच्या वाटा बंद असतात. अशा वेळी आवाज मधल्या सर्व्हरवरून फिरवावा लागतो, तो टर्न. दोन गोष्टी विचारा. तो ४४३ या वेबच्या नेहमीच्या पोर्टवर टीएलएसनं चालतो का? नाहीतर ज्यांच्यासाठी तो घेतला त्यांनाच तो सापडणार नाही. आणि तो आहे कुठं? फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागं सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात. मुंबईतला सर्व्हर कोल्हापूरपासून चारशे किलोमीटरच्या आत, म्हणजे वाटेचा वेळ नगण्य. तोच अमेरिकेत असेल तर आवाज जाऊन परत यायचा, आणि एका बाजूच्या १५० मिलिसेकंदांची जी मर्यादा आयटीयू या जागतिक दूरसंचार संघटनेनं चांगल्या बोलण्यासाठी सांगितलीय, ती तिथंच संपते. दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघंही थांबतात. स्वस्त सेवांचा सर्व्हर पुष्कळदा असा लांब असतो.

इंटरनेटच्या स्पीडची काळजी मात्र फार करू नका. चार कॉल एकदम चालले तरी अर्ध्या एमबीपीएसच्या आत भागतं. आवाज तुटतो तो अपलोड तुंबल्यामुळं. दुकानातले सीसीटीव्ही कॅमेरे चित्रण क्लाउडवर चढवत असतात, संध्याकाळी टॅलीचा बॅकअप जातो, आणि कॉलची पाकिटं त्यांच्यामागं रांगेत उभी राहतात. राउटरवर आवाजाला पहिला नंबर द्या. इथं सॉफ्टफोनची बाजू थोडी वरचढ आहे, त्याच्या पाकिटांवर ‘मला आधी सोडा’ अशी खूण लावणं सोपं जातं, ब्राउझरमध्ये ते अवघड पडतं. आणि फायबरचा डबा, राउटर, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. लाइट गेली आणि जुना लँडलाइन चालू राहिला, ते तांब्याच्या तारेचे दिवस संपले.

तुमचं उद्यमनगर पाण्यापासून लांब आहे, तरी महापुराचा अनुभव सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये शाहूपुरीतल्या एका ऑफिसमध्ये फोनचा सर्व्हर तळमजल्यावर होता आणि सगळे फोन टेबलावरच्या तारेला बांधलेले. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडली, पुढं शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला. त्या ऑफिसचा नंबर आठवडाभर मुका होता. त्यांच्या गिऱ्हाइकांना वाटलं, धंदा बुडाला. नंतर आम्ही सर्व्हर क्लाउडवर नेला. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा मुली आपापल्या घरी, कुणी पाचगावात कुणी भुदरगडला मावशीकडं. कुणाच्या लॅपटॉपमध्ये काही टाकलेलं नव्हतं, फोनवरून सांगून टाकून घ्यायला वेळ नव्हता. मी सगळ्यांना एक लिंक आणि पासवर्ड पाठवला. ब्राउझर उघडून, मायक्रोफोनला परवानगी देऊन, तासाभरात तिघी फोन घेत होत्या. टॅब पुढं ठेवा, दुसरं काही उघडू नका, एवढंच बजावलं होतं. वाट बघणाऱ्याला ब्राउझर नको, असं मी वर म्हटलं, पण अडचणीच्या दिवशी तोच पहिल्यांदा मदतीला येतो. म्हणून मुलींच्या संगणकात सॉफ्टफोन टाकला तरी सर्व्हरवर ब्राउझरची सोय चालू ठेवा. ॲस्टेरिस्कसारख्या सर्व्हरवर एकाच एक्स्टेंशनला दोन्ही वाटा देता येतात.

कायद्याचं थोडक्यात. वेबसाइटवरून तुमच्या मुलीपर्यंत सगळा प्रवास इंटरनेटवरच असेल तर काही अडचण नाही. जिथं कॉल साध्या फोन नंबरवर जातो किंवा तिथून येतो, तिथं लाइन परवानाधारक टेलिकॉम कंपनीकडूनच घ्या, तिला सिप ट्रंक म्हणतात. ‘सिम टाकायचा डबा लावतो, परदेशी कॉल स्वस्तात उतरवतो,’ असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा, तो गुन्हा आहे. कॉल रेकॉर्ड करणार असाल तर सुरुवातीलाच गिऱ्हाइकाला तसं ऐकवा, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आता आहे. आणि मुलींना सांगून ठेवा की ब्राउझरवरून ११२ हा आणीबाणीचा नंबर लागणार नाही, त्यासाठी मोबाइल हातात असू द्या.

तुमच्यासाठी मी अशी मांडणी करेन. सर्व्हर क्लाउडवर, मुंबईत. जुना लँडलाइन नंबर सोडू नका, तो पंपांच्या स्टिकरवर गावोगाव चिकटलेला आहे. तुमच्या कंपनीला विचारून तोच सिप ट्रंकवर नेता येतो का बघा, नाही जमलं तर तो नव्या नंबरवर वळवा. चारही मुलींच्या संगणकात सॉफ्टफोन, यूएसबी हेडफोन, घंटा स्पीकरवर. मिस्टरांच्या मोबाइलमध्ये पुश असलेलं ॲप. वेबसाइटवर मोबाइलवाल्याला नंबरची लिंक आणि संगणकवाल्याला बोलायचं बटण, तेही फक्त दुकान चालू असतानाच दिसेल असं. बंद वेळेत त्याच जागी ‘नंबर ठेवा, आम्ही फोन करतो’. बटणाचा कॉल आणि लँडलाइनचा कॉल एकाच रांगेत पडू दे, मुलींना दोन ठिकाणी बघायला लावू नका.

पैसे देण्याआधी वेबसाइटवाल्याकडून एक चाचणी समोर बसून करून घ्या. सोमवारी सकाळी एका मुलीच्या संगणकावर फोन चालू करा आणि दोन तास तिला तिचं नेहमीचं काम करू द्या, फोनला हात लावायचा नाही. मग कागलच्या एखाद्या ओळखीच्या कारखान्यातून, त्यांच्या ऑफिसच्या इंटरनेटवरून, बटण दाबून कॉल लावायला सांगा. घंटा किती सेकंदांत वाजली, दोन्ही बाजूंनी आवाज आला का, चाळीस सेकंद टिकला का, आणि पडद्यावर पार्ट नंबर आला का, हे लिहून घ्या. त्याच वेळी क्रोममधलं वेबआरटीसी इंटर्नल्स नावाचं आतलं पान त्याला उघडायला लावा, तिथं किती पाकिटं हरवली आणि आवाज कुठल्या वाटेनं गेला ते आकड्यांत दिसतं. ते आकडे आणि राउटरचं मॉडेल मला पाठवा, पुढचं त्यावरून सांगतो.